सायंकाळचा दीड तास

सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव नांवाचें एक खेडें आहे. वस्ती सुमारें ३,००० ची. बहुतेक लोक शेतकरी, कांहीं साखर कारखान्यांत काम करणारे. सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशीं, तेथील गांवकऱ्यांनीं सभा भरवून असा ठराव केला कीं, रोज सायंकाळीं ७ वाजतां गांवच्या देवळावर बसविलेला भोंगा वाजावा, आणि तेव्हांपासून ८॥ वाजेपर्यंत प्रत्येक घरांतील टीव्ही व मोबाईल बंद ठेवावे. कोरोनाच्या साथींत शाळा बंद होत्या व मुलांचे धडे मोबाईलवर चालत. शाळा पुन्हां उघडल्या, परंतु मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना, हें या ठरावाचें तात्कालिक कारण होय.

ही वार्ता देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत आली, आणि बहुतेकांनीं ती एक मौज म्हणून वाचून सोडून दिली असेल. आमच्या मतें तिचा नीट अभ्यास केला पाहिजे, व तोही भोंग्यासाठीं नव्हे. हा ठराव सहजासहजीं पार पडला नाहीं. ही कल्पना प्रथम निघाली तेव्हां पुरुष मंडळींनीं ती हंसण्यावारी नेली. मग पंचायतीनें स्त्रियांस बोलाविलें. त्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें कीं, मालिका पाहण्यांत आमचाही वेळ फार जातो. बंद करावयाचें तर साऱ्या गांवानें करावें. येथें त्या गांवच्या स्त्रियांनीं जें शहाणपण दाखविलें तें पुष्कळ शिकलेल्यांस सुचलेलें नाहीं. भोंगा वाजूं लागल्यावरही आरंभीं लोकांस घरोघर जाऊन आठवण द्यावी लागे, हें सांगणें न लगे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्याच्या बान्सी या गांवानें १८ वर्षांखालील मुलांस मोबाईलची बंदी केली. ऑस्ट्रेलियांत तर १६ वर्षांखालील मुलांनीं इन्स्टाग्राम, फेसबुक इत्यादि समाजमाध्यमांवर खातें ठेवूं नये असा कायदाच २०२४ मध्यें झाला व १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलांत आला. या दोहोंचा हेतु चांगला आहे. परंतु त्यांत बंधन आहे तें धाकट्यांस. वडगांवच्या ठरावानें नातवाचा मोबाईल बंद झाला तसा आजोबांचाही झाला. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याविषयींच आहे.

"आमच्या वेळीं असें नव्हतें," हें वाक्य वडील माणसांच्या तोंडीं वारंवार येतें. तें अर्धेंच खरें आहे. चावडीवर रेडिओ आला तेव्हां बातम्यांच्या वेळीं कामें तशींच टाकून लोक तेथें जमत. मुंबईस दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें १९८७ च्या जानेवारींत रामायण मालिका लागली तेव्हां रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत. तेव्हां यंत्रापुढें खिळून बसणें कांहीं आजच्या पोरांनीं शोधून काढलेलें नाहीं. फरक इतकाच कीं, त्या काळीं साऱ्या आळींत एखादाच टीव्ही असे. त्याच्यापुढें ओसरीभर माणसें दाटीवाटीनें बसत, एकाच प्रसंगास हंसत, एकाच प्रसंगास डोळे पुशीत, आणि मालिका संपली म्हणजे पारावर तिची चर्चा करीत. हातांतील स्मार्टफोन एकट्यासाठींच आहे. एकाच खोलींत पांच माणसें बसलेलीं असतात. पण एक क्रिकेट पाहत असतो, दुसरी स्वयंपाकाची कृति पाहत असते, तिसऱ्याच्या कानांत गाणें वाजत असतें, आणि कोण कशास हंसलें हें शेजारी बसलेल्यास कळत नाहीं.

आणि हें सारें फार थोड्या काळांत घडून आलें. पहिला आयफोन २००७ सालीं निघाला, तरी आमच्या खेड्यांतून मोबाईलवरील इंटरनेट खरोखरी पसरलें तें ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू होऊन आरंभीं फुकट व मग स्वस्तांत मिळूं लागली तेव्हांपासून. बैल, नांगर, विहीर, चूल यांविषयींच्या चालीरीति बसावयास पिढ्यानपिढ्या लागल्या. पाहुणा आला म्हणजे आधीं पाणी द्यावें, जेवतांना दिवा मालवूं नये, वडील माणूस बोलत असतां मध्यें उठूं नये, असे नियम कोणीं लिहून ठेविले नव्हते. ते घरोघर मुरले होते. मोबाईलविषयीं अशी रीत पडावयास अवकाशच मिळाला नाहीं.

शिवाय हें यंत्र मुद्दाम कसें घडविलें आहे तें जाणलें पाहिजे. पुस्तकाचें पान संपतें, वर्तमानपत्र संपतें, आणि संपलें म्हणजे मनुष्य मान वर करितो. सन २००६ मध्यें एझा रास्किन नांवाच्या अमेरिकन रचनाकारानें अशी युक्ति बसविली कीं, पान खालीं सरकवीत गेलें असतां नवा मजकूर आपोआप येत राहतो व शेवट म्हणून येतच नाहीं. पुढें त्यानें स्वतःच या युक्तीबद्दल उघडपणें खेद व्यक्त केला. परंतु बाटलींतून निघालेलें तेल परत बाटलींत जात नाहीं. फेसबुकनें २००९ मध्यें पसंतीचा अंगठा आणिला. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, चोंच मारल्यावर दाणा नेमानें मिळाला तर कबूतर बेतानेंच चोंच मारतें. पण दाणा कधीं मिळतो, कधीं मिळत नाहीं, असें झालें म्हणजे तें सारखें टोंचीत बसतें. ओढ्यावर गळ टाकून बसणाऱ्यास हें स्किनरनें सांगावयास नको. मोबाईल उघडल्यावर कधीं कोणाचा निरोप, कधीं अंगठा, कधीं कांहींच नाहीं. म्हणून हात पुन्हां पुन्हां त्याकडे जातो. या कंपन्यांचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचें असतें, व पाहणारा जितका वेळ खिळून राहील तितक्या जाहिराती त्याच्या डोळ्यांपुढून जातात. म्हणजे बाजारांत विकला जाणारा माल आपला वेळ होय. इतकें समजल्यावर केवळ, "तुझ्या अंगीं निग्रह नाहीं," असें म्हणून मुलावर रागावण्यांत अर्थ राहत नाहीं. विशेषतः रागावणाराच दुसऱ्या हातानें पान खालीं सरकवीत असेल तर.

आतां लहान मुलांकडे वळूं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत एक साधा प्रयोग केला. आई कांहीं महिन्यांच्या बाळाशीं नेहमींप्रमाणें खेळते, बोलते, हंसते. मग तिला सांगण्यांत येतें कीं, बाळाकडे पाहावें, पण दोन-तीन मिनिटें चेहरा अगदीं स्थिर ठेवावा. बाळ प्रथम हंसून पाहतें, हात पुढें करितें, आवाज काढतें, बोट दाखवितें. आईच्या मुद्रेंत पालट होत नाहीं असें पाहून तें अस्वस्थ होतें, तोंड फिरवितें आणि शेवटीं रडूं लागतें. त्या प्रयोगांत मोबाईल नव्हता. मोबाईल तेव्हां निघालाच नव्हता. आई पुन्हां हंसली म्हणजे बाळही हळूहळू सांवरतें, म्हणून एकदां मोबाईलकडे पाहिलें कीं मुलाचें नुकसान झालें असा धसका कोणत्याही मातेनें घेऊं नये. परंतु मोबाईल पाहणाऱ्याचा चेहरा कसा दिसतो तो वाचकांनीं एकदां निरखून पाहावा. तो त्या प्रयोगांतील चेहराच होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सूचना केली कीं, एक वर्षाच्या आंतील मुलास पडदा मुळींच दाखवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांतून एक तासाहून अधिक दाखवूं नये. पडदा मुलानें पाहण्याविषयीं ही सूचना आहे. मुलासमोर बसून वडिलांनीं किती पाहावा यासंबंधीं तींत आंकडा नाहीं.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट निराळी आहे, कारण तीं रडत नाहींत. आजोबा शेतावरून येऊन सांगतात कीं विहिरीचें पाणी दोन हात खालीं गेलें. मुलगा मान वर न करितां "हं" म्हणतो. आजोबा दुसऱ्यांदा सांगतात, पुन्हां "हं." तिसऱ्यांदा ते सांगत नाहींत. भांडण झालें नाहीं, कोणी कोणाचा अपमान केला नाहीं. पण त्या विहिरीला १९७२ च्या दुष्काळांत किती पाणी होतें, तेव्हां कोणत्या बाजूस खणलें व कोठें खडक लागला, हें जें त्या वाक्यामागून येणार होतें तें आलें नाहीं, आणि तें माहीत असणारा मनुष्य घरांत कायमचा असणार नाहीं. उलट असेंही घडतें कीं नातू वही घेऊन येतो, "आजोबा, हें गणित," म्हणतो, आणि आजोबा मोठ्यानें रील लावून बसलेले असतात. "थांब बाळ, हें संपूं दे." तें संपत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे.

समोरच्या माणसाकडे न पाहतां हातांतील पडद्यावर विश्वास ठेविल्यानें काय होऊं शकतें, याचें एक भयंकर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतलें आहे. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून गांव आहे. तेथें १ जुलै २०१८ रोजीं, रविवारच्या बाजाराच्या दिवशीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष आले होते. त्यांपैकीं बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें तालुक्यांतले. भिक्षा मागत गांवोगांव फिरणें हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होती. त्यांच्यापैकीं एकजण एका लहान मुलीशीं बोलला एवढ्यावरून संशय आला, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत नेऊन त्या पांचांस ठार होईपर्यंत मारण्यांत आलें. कांहींजण तो प्रकार मोबाईलवर टिपीत होते. तुमचें गांव कोणतें, इकडे कोठें उतरलां, असें त्या पाहुण्यांस शांतपणें विचारून त्यांचें ऐकून घ्यावयास फार वेळ लागला नसता. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये अशी मर्यादा घातली. अशा अफवा केवळ पोरेंच पसरवितात असें कोणीं समजूं नये. सकाळच्या फुलांच्या चित्राबरोबर भलतीसलती वार्ता चुलत्यापासून मामापर्यंत पोंचविण्याचें काम घरांतील पोक्त मंडळीही मोठ्या उत्साहानें करितात.

मग हें यंत्र टाकून द्यावें काय? आम्ही असें म्हणत नाहीं, आणि म्हणणें अन्यायाचें होईल. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि त्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें शाळेसाठीं गांवीं आजी-आजोबांजवळ राहतात. पूर्वीं त्या मुलांस पांच-सहा महिने आईचें तोंड दिसत नसे. आतां दिवसभर कोयता चालवून आलेली आई रात्रीं कोपीबाहेर बसून मोबाईलवर लेकीच्या वेण्या पाहूं शकते. त्या घटकेला ती आई लेकीजवळच असते, आणि शेजारीं बसून रील पाहणारा बाप मात्र दूर असतो. म्हणून मोबाईल हातांत आहे कीं नाहीं एवढ्यावरून निर्णय करूं नये. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याकडे आपलें मन आहे कीं नाहीं, हें पाहावें.

ज्या घरांस वडगांवचा कित्ता गिरवावयाचा असेल त्यांस आमची एवढीच सूचना कीं, आरंभ घरांतील सर्वांत वडील मनुष्यानें करावा. मोबाईल उशाखालीं न ठेवितां सर्वांचे एकाच ठिकाणीं, शक्य तर दुसऱ्या खोलींत, ठेवावे. जवळ असला कीं हात जातोच. आणि पहिले कांहीं दिवस घरांत अवघडल्यासारखें होईल हें गृहीत धरावें. दीड तास करावयाचें काय, असा प्रश्न मुलांपूर्वीं मोठ्यांनाच पडतो. कोणी शेंगा फोडावयास घ्याव्या, कोणी मुलाचा अभ्यास पाहावा, नाहींतर नुसतें अंगणांत बसावें. बोलणें काढून येत नसतें, तें बसल्याबसल्या निघतें.

वेळ ७ ते ८॥ अशीच असली पाहिजे असेंही नाहीं. पहाटे दूध घालावयास जाणाऱ्या घरानें ती अलीकडे ओढावी, पाळीवर जाणाऱ्यांनीं आपल्या सोईनें ठरवावी. ज्या घरचा मुलगा आखातांत नोकरीस आहे व ज्याला रात्रीं आठ वाजतांच फुरसत मिळते, त्या घरीं त्याचा फोन अवश्य घ्यावा. मात्र तो एकानें कोपऱ्यांत नेऊन न घेतां सर्वांनीं मिळून घ्यावा, म्हातारीला पुढें बसवावें, आणि बोलणें झालें म्हणजे मोबाईल पुन्हां फडताळांत ठेवून द्यावा.