आठवीनंतरचे साहाय्य आणि गावचा शिक्षक

नांदेड शहराच्या वजिराबाद भागात जिल्हा परिषदेचे एक जुने हायस्कूल आहे. त्यास लोक आजही ‘मल्टिपर्पज’ म्हणूनच ओळखतात. या नावामागे एक विचार आहे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली असे सुचविले की, सर्व मुलांना एकाच साच्यातून काढू नये. शेती, तंत्रविद्या, वाणिज्य, ललितकला, गृहविज्ञान अशा निरनिराळ्या शाखा एकाच शाळेत असाव्यात आणि मुलाचा कल पाहून त्यास मार्गदर्शन मिळावे. अशा शाळांना बहुउद्देशीय शाळा म्हटले गेले. ती योजना पुढे मागे पडली. परंतु माध्यमिक शाळेने पाठाबरोबर मार्गदर्शन व साहाय्यही द्यावे, हा विचार मात्र टिकला.

आज हे साहाय्य पुष्कळ आहे. तरीही नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांतून आठवी-नववीच्या उंबरठ्यावर मुले, विशेषतः मुली, शाळेतून नाहीशा होतात. याचे एक कारण बारकाईने पाहण्याजोगे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची हमी घेतली आहे. त्यामुळे शाळेतील पोषण आहार आठवीपर्यंत आणि मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंत. तोवर साहाय्य आपल्या पायांनी मुलापर्यंत चालत येते. नववीत पाऊल टाकताच ते अर्ज करून, दाखले जोडून, मुदतीत मागावे लागते. अशिक्षित पालकास हा फरक कोणी सांगत नाही. हायस्कूल दुसऱ्या गावी असते, तेथील शिक्षकांस हे घर माहीत नसते. घर माहीत असते ते प्राथमिक शिक्षकास. म्हणून माध्यमिक शाळेतील योजना हा प्राथमिक शिक्षकाच्याही अभ्यासाचा विषय होय.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्यावे. आठवीत परीक्षा, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये. म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. महाराष्ट्राच्या वाट्यास ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात. आता येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, परीक्षेस बसण्यासाठी सातवीत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींस ५ टक्के सवलत आहे. म्हणजे सातवीच्या निकालपत्रावर सही करणारा शिक्षक या शिष्यवृत्तीचे दार उघडतो किंवा लावतो. गुण वाढवून द्यावेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. सातवीच्या आरंभीच मुलास व पालकास ही अट सांगावी, इतकाच अर्थ आहे. दुसरे असे की, एकदा निवड झाली म्हणजे काम संपत नाही. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, आणि दहावीत ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींस ५५) मिळवावे लागतात. नूतनीकरण राहिले म्हणून हाती आलेली शिष्यवृत्ती गमावणे, याहून वाईट काय असेल?

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटतो खरा. पण मुलांची अडचण बहुधा येथेच होते. दाखल-खारीज रजिस्टरात नाव एक, आधारपत्रावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे! पहिलीत घाईने लिहिलेली एक वेलांटी नववीत पैसे अडवून बसते. सातवीचे वर्ग चालू असतानाच ही तिन्ही नावे समोरासमोर ठेवून पाहावीत. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, त्यास दिवस लागतात. जातीच्या दाखल्यास जुना पुरावा लागतो : विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. हा पुरावा पुष्कळदा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातच सापडतो. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीतील नोंदी उर्दूत असतात. त्या वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. म्हणून ही जुनी रजिस्टरे वाळवी व पाणी यांपासून जपावीत. कपाटातील ती जीर्ण वही एखाद्या नातीचे शिक्षण चालू ठेवणार असते.

अंतराची अडचण मुलींस अधिक. त्यासाठी एस.टी.चा अहिल्याबाई होळकर मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रम असलेल्या तालुक्यांत मुलींसाठी बसगाड्या व सायकली आहेत. तालुक्याच्या गावी समाजकल्याणाची वसतिगृहे आहेत. मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क नाही. या सर्वांची माहिती शाळेच्या फळ्यावर एकदा लिहून भागत नाही. आईस समोर बसवून सांगावी लागते.

साहाय्याचा दुसरा प्रकार पैशाचा नव्हे, अभ्यासाचा. २०२१ साली टाळेबंदीनंतर राज्यभर ४५ दिवसांचा सेतू अभ्यास घेण्यात आला, तो शिक्षकांच्या स्मरणात असेल. माध्यमिक शाळांत उपचारात्मक वर्गही चालतात. तथापि आठवीत मूल अडखळते ते नेमके कोठे, हे पाहिले पाहिजे. आपल्या सीमेवरील देगलूर-बिलोलीकडे कित्येक घरांत तेलुगू व कन्नड बोलतात, किनवटकडे गोंडी व कोलामी, तांड्यांवर गोरमाटी. अशा मुलास मराठी हीच दुसरी भाषा. त्यावर आठवीत कित्येक शाळांतून गणित व विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. भागाकार उत्तम करणारा मुलगा शाब्दिक उदाहरणापुढे थांबतो. कारण ‘प्रत्येकी’, ‘अनुक्रमे’, ‘उर्वरित’, ‘दरसाल दरशेकडा’ हे शब्द त्याने घरी कधी ऐकलेले नसतात. त्यास गणिताचा आणखी एक तास देऊन उपयोग नाही. उदाहरण मोठ्याने वाचावयास लावावे, त्यात काय दिले आहे व काय विचारले आहे ते त्याच्याच भाषेत सांगावयास लावावे, आणि मगच पाटीवर आकडा मांडू द्यावा. सातवीच्या शेवटच्या सत्रात रोज दोन पारिभाषिक शब्दांची जोडी द्यावी : अपूर्णांक म्हणजे फ्रॅक्शन, घातांक म्हणजे इंडेक्स, गुणोत्तर म्हणजे रेशो. शंभर शब्द झाले तरी आठवीचा पहिला महिना सुसह्य होतो.

चित्रकलेचा हात असलेल्या मुलाची नोंद स्वतंत्र ठेवावी. शासकीय रेखाकला परीक्षांतील इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यास दहावीत श्रेणीनुसार ७, ५ वा ३ गुण अधिक मिळतात, हे खेड्यांत फारसे कोणास ठाऊक नसते. जो दहावीत नापास झाला त्यासही वर्ष घालवण्याचे कारण नाही. २०१५ पासून पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच होते. एक-दोन विषय राहिले असता अकरावीत तात्पुरता प्रवेशही मिळतो.

राहता राहिली ऊसतोडीस जाणाऱ्यांची मुले. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे आईबापांस थांबता येत नाही. आणि धाकट्या भावंडास सांभाळावयास म्हणून आठवीतील मुलगीही गाडीत बसते. वर सांगितलेली शिष्यवृत्ती परीक्षा सामान्यतः डिसेंबरात होते, म्हणजे ऐन हंगामात. ती मुलगी त्या दिवशी ऊसाच्या फडात असते. तेव्हा हंगामी वसतिगृहाची यादी करताना सातवी-आठवीच्या मुलींची नावे प्रथम घ्यावीत, आणि गाडी निघण्यापूर्वी, म्हणजे नवरात्रातच, पालकांची भेट घ्यावी. घरी आजी असेल तर तिच्याशीही बोलावे. मुलगी मागे ठेवावी की नाही, हे पुष्कळदा तीच ठरवते. आईबापांचा मोबाईल क्रमांक व कोणत्या कारखान्यावर गेले ते वहीत लिहून ठेवावे. एवढे करूनही मुलगी गेलीच, तर उन्हाळ्यात टोळ्या परततात तेव्हा तिच्या घरी जावे. शाळा सोडल्याचा दाखला तिने मागावयास यावे अशी वाट पाहू नये. तो बरोबर न्यावा, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचे नाव त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहावे, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तेथे फोन करून ती आली काय, हे विचारावे.