धडा : कढीगोळे – आजीचा अंदाज, आपलं माप



मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या विक्री मेळाव्यात आपल्या एका गटानं कढीगोळे आणि भाकरीचा स्टॉल लावला होता. गटातल्या आजी दरवेळी गोळे करतात, पण त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून त्या आल्या नाहीत. बाकीच्या तिघींनी मोठ्या गंजात कढी चढवली, शंभरावर गोळे एकदम सोडले आणि डावानं ढवळलं. दहा मिनिटांत गोळे विरघळले आणि कढीचं पिठलं झालं. दोन किलो डाळ आणि चार लिटर दही गेलं. पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं ते परत जाताना सगळ्या गप्प होत्या याचं.

पुढच्या बैठकीला मी वजनकाटा घेऊन आजींच्या घरी गेले. त्या हातानं घेत होत्या, मी मोजत होते. "मोजतं काय वं पोरी, हाताले समजते," असं त्या म्हणाल्या. खरं आहे. पण हाताचं ज्ञान हातासोबतच राहते. ते वहीत आलं तर गटाचं होईल. म्हणून हा धडा.

गोळे सगळीकडेच आहेत

काहीतरी वाटायचं, कालवायचं, गोळा करून रश्शात शिजवायचं, ही रीत जगभर आहे. कोफ्ता हा शब्द फारसीतून आला, त्याचं मूळ 'कुटणे' या अर्थाचं आहे. इटलीत घरोघरी खिम्याचे गोळे करतात, त्यांना 'पोल्पेत्ते' म्हणतात. तिथल्या बायका शिळा पाव दुधात भिजवून खिम्यात कालवतात, त्यात अंडं आणि किसलेलं चीज घालतात. पाव घातल्यानं गोळा मऊ राहतो आणि थोड्या मटणात घर जेवतं. आपल्या वऱ्हाडात शेतात हरभरा आणि तूर, म्हणून आपला गोळा डाळीचा. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा तोच भाजीची जागा घेतो. हेच गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून वाफवले, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल टाकलं की गोळाभात झाला.

साहित्य (५ माणसं, २० गोळे)

गोळ्यांसाठी : हरभरा डाळ पाव किलो (आवडत असेल तर निम्मी तुरीची), हिरव्या मिरच्या ५-६, लसूण ८ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, जिरं १ चमचा, हळद अर्धा चमचा, मीठ १ सपाट चमचा, तेल १ चमचा, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर.

कढीसाठी : थोडं आंबट दही अर्धा लिटर, पाणी १ लिटर, बेसन २ मोठे चमचे. फोडणीला तेल २ मोठे चमचे, मोहरी, जिरं, मेथीदाणे पाव चमचा, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हळद, चवीपुरतं मीठ.

कृती

१. डाळ दोनदा धुऊन ४ तास भिजवा. मग चाळणीत टाकून अर्धा तास पूर्ण निथळू द्या.

२. मिरची, लसूण, आलं, जिरं आधी वाटा. त्यात डाळ घालून जाडसर वाटा. पाणी टाकायचं नाही. मिक्सर अडला तर बंद करून चमच्यानं हलवा. पाट्यावर वाटलं तर उत्तमच.

३. हळद, मीठ, तेल, सांबार घालून कालवा. मुठीत दाबून छोट्या लिंबाएवढे २० गोळे करा. भेगा राहू देऊ नका.

४. दही, बेसन, पाणी रवीनं घुसळून घ्या. गंजात फोडणी करून हे ताक घाला. उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर फुटते. बेसनानं ताक धरून राहते. मीठ उकळीनंतर घाला.

५. कढी खळखळ उकळली की आधी एकच गोळा सोडा आणि २ मिनिटं थांबा. तो टिकला तर बाकीचे कडेकडेनं, पाच-पाच करून सोडा. फुटला तर मिश्रणात १-२ चमचे बेसन घाला आणि पुन्हा एक गोळा टाकून पाहा.

६. पहिली ५ मिनिटं डाव लावायचा नाही. नंतर मध्यम आचेवर १५ मिनिटं शिजवा. गोळे वर तरंगतात. एक फोडून पाहा : आत कच्ची, दडस डाळ लागली तर अजून ५ मिनिटं. मग झाकून १० मिनिटं मुरू द्या.

आपले गोळे का फुटले?

आजींना मी हे विचारलं. त्यांनी दोन प्रश्न केले. "वाटताना पाणी टाकलं होतं काय? अन् कढीले उकळी होती काय?"

दोन्ही चुका झाल्या होत्या. मिक्सर फिरत नव्हता म्हणून वाटीभर पाणी घातलं होतं. पाण्यानं डाळीचा चिकटपणा सुटतो. दुसरं, गरम कढीत गोळा पडला की त्याचं बाहेरचं आवरण लगेच आवळतं आणि आतला भाग धरून ठेवतं. आपण शंभर गोळे एकदम सोडले, कढी थंड पडली, आवरण धरलंच नाही. वरून डाव फिरवला.

मोठ्या ऑर्डरसाठी सोपा मार्ग : गोळे आधी इडलीपात्रात किंवा चाळणीवर १५ मिनिटं वाफवून घ्या. मग कढीत सोडून ५-७ मिनिटं उकळा. एकही फुटत नाही. पसरट गंज घ्या, गोळ्यांचा एकच थर राहू द्या.

उन्हाळ्यात एक काळजी : आपल्याकडच्या उन्हात वाटलेली डाळ लवकर आंबते. वाटली की लगेच गोळे करा. सकाळी वाटून दुपारच्या स्टॉलला ठेवू नका. उरलेली कढी दुसऱ्या दिवशी विकू नका.

खिमा खाणाऱ्या घरांसाठी : अर्धा किलो बारीक खिमा, फुटाण्याच्या डाळीची पूड ३ मोठे चमचे, आलं-लसूण, मिरची, मीठ. चांगलं मळून गोळे करा आणि उकळत्या रश्शात याच पद्धतीनं सोडा. इटलीतल्या पावाचं काम इथे फुटाण्याची पूड करते. खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे, लाल राहू देऊ नका.

गोळे मोजून वाढा

पाव किलो हरभरा डाळीत साधारण ५४ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे चार गोळ्यांत जवळपास ११ ग्रॅम. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. चार गोळे आणि ज्वारीची भाकर खाल्ली तर एका जेवणात चांगला वाटा मिळतो. डाळीत जे कमी असतं ते ज्वारीत असतं आणि ज्वारीत कमी ते डाळीत, म्हणून दोन्ही सोबत खावं.

आता खरा प्रश्न. बैठकीत मी विचारलं, "काल तुमच्या ताटात किती गोळे होते?" एक ताई हसल्या आणि म्हणाल्या, "माह्या ताटात कढी होती." सासरे, नवरा, लेकरं जेवली आणि शेवटी तळाची कढी राहिली. बाकीच्याही हसल्या, कारण सगळ्यांचं तेच होतं. म्हणून वीस गोळे, पाच माणसं, प्रत्येकी चार. शेवटी जेवणार असाल तर आपले चार आधी वाटीत काढून झाकून ठेवा. हे कोणाच्या तोंडचं काढणं नाही, आपला वाटा आहे.

मेहनतीचा हिशेब

भाव उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे घ्या. ४० प्लेटसाठी (प्रत्येकी ४ गोळे) :

हरभरा डाळ २ किलो – २०० रु.
दही ४ लिटर – २४० रु.
बेसन, तेल, मसाला, सांबार – १६० रु.
गॅस – ८० रु.
सामान एकूण – ६८० रु.
प्लेट आणि गाडीभाडं – १२० रु.
मजुरी : ३ जणी × ४ तास × ५० रु. – ६०० रु.
सगळा खर्च – १४०० रु.

एका प्लेटचा खर्च ३५ रुपये. गटानं प्लेट २० रुपयांना ठेवली होती, कारण सामान १७ रुपयांचं होतं आणि "वर तीन सुटतात" असं वाटलं. सगळ्या प्लेट विकल्या असत्या तरी ८०० रुपये आले असते, म्हणजे ६०० रुपये तोटा. तो वहीत दिसला नसता, कारण तो तिघींच्या मजुरीएवढाच आहे. दुसऱ्याच्या वावरात चार तास निंदण केलं तर आपण मजुरी घेतोच ना? मग स्टॉलवरची मजुरीही खर्चात लिहा. ४० रुपये भाव ठेवला तर मजुरी निघून प्लेटमागे ५ रुपये गटाला राहतात. नेहमी विक्री करणार असाल तर गटाची एफएसएसएआय नोंदणी करून घ्या.

पुढच्या बैठकीसाठी काम

१. प्रत्येकीनं घरातल्या आजी, सासू किंवा आईचा एक पदार्थ काट्यावर मोजून गटाच्या वहीत लिहावा. ज्यांचा आहे त्यांचं नाव वर लिहायचं.
२. त्याचा खर्च मजुरीसह काढावा.
३. आठवडाभर आपल्या ताटात काय आलं ते रोज एका ओळीत लिहावं.

मेळाव्यातला तो गट येत्या महिन्यात पुन्हा स्टॉल लावतो आहे. आजींचा गुडघा अजून दुखतो, त्या येणार नाहीत. पण वहीत पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे आणि खाली त्यांची सूचना जशीच्या तशी : "आधी एक गोळा टाकून पाहा, मंग बाकीचे."