सरकारदरबारी शब्द कोण टाकतो?

बोईसरच्या बाजारात मासळीचा भाव होतो तो चारचौघांत होतो. वाटा केवढ्याला गेला, हे शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही कळते. सरकारदरबारचे पुष्कळ भाव मात्र बंद दाराआड होतात. कर कोणाला माफ करायचा, कारखान्याला जागा कुठे द्यायची, सांडपाण्याचा नळ समुद्रात कुठवर न्यायचा, असे हे भाव. ते ठरतात मुंबईला नाहीतर दिल्लीला. पण त्यांची झळ आपल्या चुलीला लागते.

असा निर्णय होण्याआधी निरनिराळे लोक मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना, आमदार-खासदारांना भेटतात. आपली बाजू त्यांच्या कानावर घालतात. याला लॉबिंग म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची पडवी. सभासद तिथून येतात-जातात. त्यांना तिथे गाठून बोलायचे, त्यावरून हे नाव पडले. आपण याला 'शब्द टाकणे' म्हणू.

शब्द टाकणे हा काही गुन्हा नव्हे, बरं का! आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्या डिझेलवरच्या कराचा परतावा वेळेवर मिळावा म्हणून सरकारकडे जातात. तेही शब्द टाकणेच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदारही आपले गाऱ्हाणे घेऊन जातात. दोघांनाही तो हक्क आहे. बिघडते ते कुठे? शब्द कोणी टाकला हे लपले, आणि शब्दाबरोबर पैसाही सरकला, की बिघडते.

याची एक जुनी गोष्ट आहे. आपला देश नुकता स्वतंत्र झाला होता. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. मुंबईचे एच. जी. मुद्गल हे तेव्हाच्या हंगामी संसदेचे सभासद होते. सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांची मुंबईत एक संघटना होती, बुलियन असोसिएशन. मुद्गल संसदेत तिच्या फायद्याचे प्रश्न विचारीत, कायद्याच्या मसुद्याला दुरुस्त्या सुचवीत, व्यापाऱ्यांची मंत्र्यांशी गाठ घालून देत. आणि त्याबद्दल पैसे घेत. बोभाटा झाला. मुद्गल पंतप्रधान नेहरूंच्याच पक्षाचे. तरी ८ जून १९५१ रोजी चौकशी समितीचा ठराव नेहरूंनीच मांडला. समितीने मुद्गलांना दोषी ठरवले. २४ सप्टेंबरला सभागृहात चर्चा चालू असतानाच मुद्गलांनी राजीनामा दिला. सभागृहाने तेवढ्यावर सोडले नाही. हा सभासद काढून टाकण्याच्याच लायकीचा होता, असा ठराव दुसऱ्या दिवशी करून ठेवला. आपल्या पक्षाच्या माणसाची चौकशी आपणच मागावी, हे मला फार मोठे वाटते. असे वरचेवर घडत नाही.

आता अलीकडची गोष्ट. अमेरिकेत १९९५ साली एक कायदा झाला. दुसऱ्यासाठी पैसे घेऊन शब्द टाकणाऱ्याने तिथे नाव नोंदवायचे. कोणासाठी बोललो, कोणत्या विषयावर बोललो, पैसे किती घेतले, हे लिहून द्यायचे. हा हिशेब आता दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो कोणीही पाहू शकतो. वॉलमार्ट ही तिथली अवाढव्य दुकानदार कंपनी. तिच्या अशा हिशेबात भारताच्या बाजारात शिरण्याचा विषयही लिहिलेला होता. डिसेंबर २०१२ मध्ये ही बातमी इकडे आली आणि संसदेत गदारोळ उडाला. सरकारने निवृत्त न्यायाधीश मुकुल मुद्गल यांना चौकशीला नेमले. (नाव तेच आहे, पण हे न्यायाधीश. घोळ करू नका.)

जरा विचार करा. आपल्या देशाविषयीची ही गोष्ट आपल्याला कळली कशी? परक्यांच्या वहीतून! आपल्याकडे तशी वहीच नाही. २०१३ साली एका खासदाराने तसा कायदा सुचवला होता, पण तो झाला नाही. आजही आपल्या देशात शब्द टाकणाऱ्यांची नोंद ठेवणारा कायदा नाही.

म्हणून आपण अगदीच आंधळे आहोत असे नाही. मोठा कारखाना किंवा बंदर व्हायचे असेल, तर बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. तिथे जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी बसतात. जो बोलेल त्याचे बोलणे लिहून घेतात, त्याचे चित्रण करतात. शेवटी गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. तो वाचेपर्यंत उठू नका. आपले म्हणणे त्यात आले की नाही, ते कान देऊन ऐका. आणखी एक. या सुनावणीला कोरम लागत नाही. चारच माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरतात.

वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला झाली. १९ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. मग विरोध करणाऱ्यांनी बोलून काय मिळवले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. विरोध जास्त झाला म्हणून बंदर थांबत नाही. पण तिथे कोण काय बोलले ते कागदावर राहिले. डहाणू तालुक्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली बंदराला नकार दिला होता आणि ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली. दोन्ही निर्णय लेखी आहेत. लेखी होता म्हणूनच परवानगीचा निर्णय घेऊन लोक हायकोर्टात जाऊ शकले. कोर्टाने त्यांचा अर्ज फेटाळला, ही गोष्ट वेगळी. बंगल्यावरच्या जेवणात टाकलेला शब्द कोणत्या कोर्टात नेणार?

बंद दाराची किल्ली मात्र थोडी आपल्या हातात आहे. ती म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने तो कायदा २००२ सालीच केला. देशाचा कायदा २००५ चा. साधा कागद घ्या. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तोही लागत नाही. एका अर्जात एकच विषय, आणि तोही दीडशे शब्दांत. तुम्ही आता लिहू लागला आहात, तुम्हाला हे जड नाही.

'आमच्यावर अन्याय झाला' असे त्यात लिहू नका. ती माहिती नव्हे. असे लिहा: "अमुक कारखान्याच्या परवानगीच्या फायलीतील सर्व पत्रे, टिप्पण्या आणि त्या विषयावर झालेल्या बैठकींची इतिवृत्ते यांच्या प्रती द्याव्यात." बैठकीला कोण हजर होते ते इतिवृत्तात असते. कोणाचे पत्र आले आणि साहेबांनी त्यावर काय शेरा मारला, ते टिप्पणीत असते. अर्ज 'जन माहिती अधिकारी' यांच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले, किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. अपिलाला अर्जाची आणि पोचेची नक्कल जोडावी.