पोट दुखते, तपासणीत काही नसते

कॉलेज सुरू झाले की खेड्यातून शहरात अकरावीला आलेली काही मुले पोटदुखी घेऊन माझ्याकडे येतात. तपासण्या बहुधा निर्दोष निघतात. हे ढोंग नव्हे. मनावरच्या ताणाने आतड्यांची हालचाल खरोखरच बिघडते. बोलते केले की कळते, 'पानी', 'आनि' म्हटल्यावर वर्ग हसला होता. मग मूल वर्गात गप्प होते आणि सुटीत घरी गेल्यावर त्याला आईच्या बोलण्याचीही लाज वाटू लागते.

'मी कोण?' याचे उत्तर शोधणे हे या वयाचे मुख्य काम, असे एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या आपल्या ग्रंथात मांडले. तो स्वतः ज्यू घरात वाढला. उंच, सोनेरी केसांचा, म्हणून प्रार्थनामंदिरात परका. शाळेत मात्र ज्यू म्हणून चिडवलेला!

मुलांवर मित्रांची छाप पडणारच. कपडे, केस, बोलणे मित्र ठरवतात. शिक्षण, बरेवाईट यांत घरचा शब्द बहुधा टिकतो, पण तो टोमण्यातून आलेला नसावा. 'शेजारच्यांचा मुलगा बघ' हे वाक्य मी पथ्याच्या यादीतच घालीन.

घरची बोली आणि पुस्तकी भाषा, दोन्ही आपल्याच, हे मुलाला जरूर ऐकवा. मात्र दोन आठवडे झोप-जेवण उडाले, मित्रही सुटले, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी. मुलाला एकटे सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही.