सीआरपी वाढला म्हणजे ऑटिझम?

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे, हाक मारली तरी वळून पाहत नाही. रिपोर्टमध्ये सीआरपी १२ आलाय. हा ऑटिझमच का?
– एक आई, प्रताप नगर, नागपूर

उत्तर : ताई, त्या आकड्यावरून ऑटिझम ठरत नाही. सीआरपी हा शरीरातला दाह दाखवणारा रक्तातील घटक; तो यकृतात तयार होतो, साध्या सर्दी-तापातही चढतो, मग उतरतो. ऑटिझम असलेल्या मुलांच्या गटांत आयएल-६ सारखे दाहदर्शक घटक सरासरीने जास्त आढळलेत, पण बऱ्याच मुलांत ते नॉर्मलच असतात. ऑटिझमसाठी म्हणून दाह उतरवणारी औषधे मुळीच देऊ नका.

मला काळजी वाटते ती हाकेला न वळण्याची. आधी कान तपासा, मग मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात बालरोग विभागात दाखवा. तो बोटाने वस्तू दाखवतो का, नजर देतो का, हे तिथे बघतील; निदान अशा निरीक्षणावरच होते. स्पीच थेरपीसाठी मात्र निदानाच्या कागदाची वाट पाहू नका.