मेमोच्या आधीचं बोलणं

माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात गेली. आता छोट्या कारखानदारांना सल्ला देतो. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, एकाला काढायचंय." मी विचारतो, फायलीत काय आहे? फाइल बहुधा कोरीच निघते. त्रास मात्र कित्येक वर्षांचा असतो.

भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये एक टर्नर होता. कामाला पक्का, पण पगार झाला की चार दिवस गायब. तातडीच्या ऑर्डरला तोच लागायचा म्हणून सुपरवायझर सांभाळून घ्यायचे. एकदा माल वेळेत निघाला नाही तेव्हा मालक शॉप फ्लोअरवर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापासून तोंड दाखवू नकोस." गेटवर कार्ड काढून घेतलं. तो युनियनकडे गेला, तिथून कामगार न्यायालयात. आमच्याकडे दाखवायला एक मेमो नव्हता. त्याने मात्र मालकांच्याच सहीचं उत्तम कामाबद्दलचं प्रशस्तिपत्र हजर केलं! मागच्या पगारासह तो परत कामावर आला, आणि पुढे कुणाला बोलायची सुपरवायझरांची हिंमत होईना.

यात कोर्टाला शिव्या घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली ११-अ हे कलम आलं, ते शिक्षा अपराधाच्या मानाने जड वाटली तर न्यायालयाला ती बदलता यावी म्हणूनच. विनापरवानगी गैरहजेरीचं म्हणाल, तर स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांत, गैरवर्तन ठरायला ती वारंवार किंवा सलग दहा दिवसांवर असावी लागते. 'वारंवार' हे नोंदींशिवाय कसं सिद्ध करणार?

पण नोंदी म्हणजे मेमोंचा पाऊस नव्हे. आधी बोलावं. केबिनमध्ये, एकट्याशी, शक्यतो त्याच दिवशी. "तू आळशी आहेस" म्हटलं की माणूस भांडतो. "काल दुसऱ्या पाळीत चाळीस नगांना गेज लावलेला नाही, काय झालं?" असं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. एका पोराचं रिजेक्शन वाढलं होतं, मेमो टाइप करून तयार होता. बोलल्यावर कळलं, नवा डिजिटल गेज कसा वापरायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो मेमो फाडून टाकला. तसा तो सुपरवायझरलाच द्यायला हवा होता.

बोलूनही फरक पडला नाही तर मग लेखी ताकीद, आणि ती कामगाराला समजेल अशा भाषेत. तारीख, पाळी, काय घडलं, काय सुधारायचं, कधीपर्यंत, एवढं त्यात हवं. तो सही करत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करा आणि प्रत पोस्टाने घरी पाठवा. मुदत संपली की परत बोलवा. सुधारला असेल तर तेही लिहून द्या, हे कुणी करत नाही.

तरीही जमलं नाही तर आरोपपत्र आणि चौकशी. तक्रार करणाराच चौकशी अधिकारी नको. शिक्षा ठरवताना जुन्या ताकिदी धरायच्या असतील तर नोटिशीत तसं स्पष्ट लिहा. चौकशी होईपर्यंत निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो, पुढे विलंब कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. आणि उशिरा येणारा मालकाच्या गावचा असला तरी त्यालाही तीच ताकीद. नाहीतर बाकीच्या फायली कोर्टात टिकत नाहीत.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात स्थायी आदेशांसाठी कामगारांची मर्यादा ३०० आहे, म्हणून बरेच कारखानदार खुशीत आहेत. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: त्या आकड्याच्या आत असलात तरी म्हणणं ऐकून न घेता गैरवर्तनाबद्दल कुणाला काढलंत, तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. आजची गैरहजेरी आजच मस्टरवर लिहा, आणि तो आला की आधी त्याला केबिनमध्ये बोलवा.