शरीराची दिंडी

पुणे सोडून सासवडला जाताना माउलींच्या पालखीला दिवे घाट लागतो, आणि तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. पोटात उपवास, समोर चढ! एका वर्षी आमच्या रहाटणीचे एक वृद्ध माळकरी, वाटेत आडोसा कुठे शोधायचा म्हणून, सकाळपासून पाणीच प्यायले नाहीत. निम्म्या घाटात त्यांना भोवळ आली. सावलीत निजवून, घोटघोट पाणी पाजल्यावर ते म्हणाले, "बुवा, पाय तर धड आहेत, मग डोकं का फिरलं?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. छांदोग्य उपनिषदात 'श्रेष्ठ कोण' म्हणून इंद्रिये भांडतात. वाचा, डोळे, कान, मन एकेक वर्ष निघून जातात, तरी देह चालतो. प्राण निघू लागताच मात्र सर्वांचीच मुळे उखडतात. पण शरीरशास्त्र असे सांगते की, श्वासालाही सोबती लागतात.

फुप्फुस प्राणवायू घेते, तो पायापर्यंत नेते रक्त, आणि रक्त ढकलते हृदय. स्वस्थ बसलो असता ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. चढावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. रक्तात कर्बवायू वाढला की मेंदू श्वास वाढवतो. आतडी आपल्या वाट्याचे रक्त कमी करून स्नायूंना देतात. यकृत साठवलेली साखर सोडते. त्वचा घाम काढून अंग निववते. मात्र ते पाणी रक्तातूनच जाते. मग मेंदूखालची ग्रंथी मूत्रपिंडांना निरोप धाडते, 'पाणी राखा'. म्हणून लघवी थोडी व गडद होते. तरीही रक्त उणे पडले तर हृदय धावते, आणि अखेर मेंदूलाच रक्त अपुरे पडते. हीच ती भोवळ! दिंडीत पाणी वाहणारा मागे राहिला की विणेकऱ्याचाही घसा कोरडा पडतो, तद्वत्.

तेव्हा आपल्या एकादशीला पाणी चालते, ते घोटघोट पीत राहावे. आडोशाची लाज धरू नये. आयाबहिणींची सोय दिंडीने आधी पाहावी. मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी उपवास, पाणी व गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला तर सावलीत न्यावे, अंग भिजवावे, वारा घालावा व तत्काळ डॉक्टर गाठावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

दिंडीत एक थकला की बाकीचे त्याचे ओझे वाटून घेतात. देहातही तेच चालते, पण मुकाट्याने. म्हणून त्याची पहिली हाक ऐकावी, एवढेच आमचे मागणे.